पॅसेंजरची खोली

चीफच्या शोकसभेत लोक हसले. हसण्याला माझी हरकत नाही. चीफ स्वतः असते तर त्यांनीही दोन-तीनदा हसवलंच असतं. पण लोक हसले ते चुकीच्या गोष्टीवर. सिंगापूरमधल्या एका कम्युनिटी क्लबच्या वरच्या मजल्यावरची खोली, पन्नासेक माणसं, समोर हार घातलेला फोटो, आणि माइक हातात धरून मराठी मंडळाचे एक जुने सभासद सांगत होते, "चीफ म्हणजे अवलिया! क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये या माणसानं एक चिमणी चक्क फ्रीजमध्ये पाळली होती!" खोली खदखदून हसली. चीफच्या पत्नी, आमच्या काकू, मान खाली घालून बसल्या होत्या. मी तिसऱ्या रांगेत होते. मला खरं काय ते माहीत होतं आणि मी काही बोलले नाही.

चार दिवसांनी त्याच सभासदांचा फोन आला. चीफच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायची आहे म्हणाले. "तुम्ही त्यांच्याकडे राहायचात ना? त्या चिमणीवर चार गमतीदार ओळी लिहून द्या."

चार ओळींत ते होणार नाही. शिवाय ती चिमणी नव्हती आणि तो फ्रीजही नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून इथल्या विद्यापीठात संशोधनाला आले. विषय होता जुन्या बंदरांचा इतिहास, आणि काम म्हणजे दिवसभर ग्रंथालयात बसणं. स्वभावाला ते मानवणारं होतं. मला कुणी चुकीचा चहा दिला तरी मी तो पिऊन टाकायचे. विद्यापीठाच्या फलकावर एक मराठी चिठ्ठी लावलेली दिसली: "खोली भाड्याने देणे आहे. बस जवळ. तक्रारी लेखी द्याव्यात." पत्ता शोधत गेले. दार उघडलं ते घरातही बॉयलर सूट घालून वावरणाऱ्या, कानावर पेन्सिल खोचलेल्या एका बुटक्या माणसानं.

"नमस्कार काका, मी खोलीसाठी…"

"काका घरी असतात."

"हे घरच आहे, अहो," आतून बाईचा आवाज आला.

"मला चीफ म्हणायचं," ते म्हणाले. "तू कॅडेट. आत ये. चपला तिथं. पाय पुस."

ते मूळचे वेंगुर्ल्याचे. वीस-बावीस वर्षं समुद्रावर, त्यातली बहुतेक रीफर बोटींवर, म्हणजे फळं आणि मांस थंड ठेवून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेणाऱ्या बोटींवर. चीफ इंजिनिअर होऊन बोट सोडली आणि तुआसला जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात लागले. बोट सुटली, पण बोटीवरचं वागणं काही सुटलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराला एक लॉगबुक टांगलेलं असे आणि दर चार तासांनी त्यात नोंद व्हायची. मी पहिल्याच आठवड्यात वाचलेली नोंद अशी: "०८००. चहा. साखर जास्त. जबाबदार: सौ." त्याखाली काकूंच्या वळणदार अक्षरात: "०८०५. उद्यापासून स्वतः करून घेणे."

यंत्र दिसलं की चीफ त्यावर तळवा ठेवत. फ्रीज, पंखा, ग्रंथालयातलं झेरॉक्स मशीन, सगळ्यांवर. एकदा बसमध्ये ड्रायव्हरशेजारच्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले आणि उतरताना त्याला सांगून आले, "बेअरिंग. टू वीक्स." ड्रायव्हर "ओके अंकल, ओके अंकल" म्हणत राहिला. दोन आठवड्यांनी ती बस रस्त्यात बंद पडली की नाही हे आम्हाला कधीच कळलं नाही, पण चीफच्या मते पडली. तळव्यानं भागलं नाही तर ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावून मूठ कानाशी धरत आणि डोळे मिटून ऐकत. त्यांची मुलगी सई तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. मैत्रिणी घरी आल्या की ती आधी जाऊन स्क्रूड्रायव्हर लपवायची. "पप्पा, सो पैसे लाह," असं काहीतरी म्हणायची. इथल्या बोलीतलं हे 'पैसे' म्हणजे लाज आणणारं.

"चालतंय" हा शब्द त्यांच्या घरात बंद होता. "कसं काय, चीफ?" असं विचारून कुणी स्वतःचं "चालतंय" म्हणालं की ते थांबवत. "चालतंय म्हणजे किती? आकडा सांग."

आणि एक वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत. पाहुण्यांना, सईला, मला, एकदा तर एसी विकायला आलेल्या मुलालाही. "थंडी तयार होत नसते. थंडी नावाची वस्तूच नाही. उष्णता इथून उचलायची आणि तिकडे टाकायची, एवढंच काम. आता तिकडे कोण बसलंय, ते बघायचं."

मी ते वाक्य इतक्यांदा ऐकलं की ते माझ्या कानावरून जाऊ लागलं. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

पक्षी आला तो असा. उत्तर चीनमधल्या कुठल्याशा बंदरातून एक बोट दुरुस्तीला यार्डात आली. खलाशी विमानानं घरी गेले आणि त्यातल्या कुणीतरी बांबूचा एक पिंजरा मागे सोडला. पिंजऱ्यात चिमणीपेक्षा जरा मोठा पक्षी. राखाडी डोकं, गळ्यावर काळ्या-पांढऱ्या बारीक ठिपक्यांची पट्टी, कुशीला विटकरी पट्टे, चोचीच्या मुळाशी पिवळा ठिपका. चोच उघडी टाकून धापा टाकत होता. यार्डाचा मॅनेजर म्हणाला, सोडून दे. चीफ म्हणाले, "सोडू कुठे? या उकाड्यात?"

पिंजरा त्यांनी घरी आणला. गेटवर काय सांगितलंत म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "थर्मामीटर नेतोय म्हटलं."

ग्रंथालयातून जाड पुस्तक आणून तो पक्षी ओळखायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवसांत सापडला. आल्पाइन अ‍ॅक्सेंटर. झाडं संपतात त्याच्याही वर, दगड आणि बर्फाच्या सीमेवर राहणारा. हिमालयात तर आपण जिथं चार पावलांत दम लागून बसू, तिथं हा दगडांवर उड्या मारत किडे आणि बिया वेचतो. मी वाचून दाखवलं. चीफनी पेन्सिल कानावरून काढली.

"किती थंड लागतं त्याला? आकडा."

पुस्तकात आकडा नव्हता. मी म्हटलं, "थंड."

"आठ डिग्री," चीफनी ठरवलं. "सफरचंदाला दोन, केळ्याला तेरा. हा मधला."

मग ते माझ्याकडे वळले आणि जरा अवघडून म्हणाले, "कॅडेट, तुझी खोली उत्तरेकडची आहे. ऊन कमी."

म्हणून मला खोलीतून काढलं आणि तिथं पक्षी ठेवला. मी सईच्या खोलीत वरच्या बंकवर गेले. माझ्या आईला पत्रात हे कसं लिहावं ते मला सुचेना, म्हणून लिहिलंच नाही.

यार्डात मोडीत निघालेल्या बोटीवरचं, तिच्या धान्य-भाजीच्या थंड कोठीचं जुनं यंत्र चीफनी रीतसर मागून आणलं. भिंतींना आतून जाड फोम, खिडकीला दुहेरी काच, दाराला रबरी कड आणि आत बघायला काच. पिंजरा काढून टाकला. सगळी खोलीच त्याची. आणि दारावर त्यांनी आपलं सगळ्यात आवडतं उपकरण लावलं. गोल कागदी चार्ट, त्यावर टेकलेलं लाल शाईचं पेन. चार्ट सात दिवसांत एक फेरी पुरी करतो आणि पेन तापमान काढत जातं. गार असेल तर रेघ मध्याकडे सरकते, गरम झालं तर बाहेर जाते. रीफर बोटीवर ही रेघ म्हणजे चीफ इंजिनिअरची अब्रू. रेघ हलली नाही तर सात दिवसांनी कंपासनं काढल्यासारखं वर्तुळ मिळतं, आणि असं वर्तुळ दाखवलं की बंदरात माल घेणारा एक शब्द बोलत नाही.

पहिल्या रविवारी चीफनी चार्ट उतरवून दिव्यासमोर धरला. निर्दोष वर्तुळ. त्यांनी ते भिंतीला टाचलं. पुढच्या रविवारी दुसरं. मग तिसरं. ओळीनं लाल वर्तुळं.

"कार्गो उत्तम," असं लॉगबुकात यायचं. कार्गो म्हणजे पक्षी.

कार्गो उत्तम नव्हता. मी रोज काचेतून बघायचे. तो एका कोपऱ्यात पिसं फुगवून बसायचा. धापा थांबल्या होत्या, पण खाणंही कमी झालं होतं. आवाज एकही नाही. खालच्या मजल्यावर एक चिनी अंकल राहत. रविवारी सकाळी इमारतीखाली खांबांना पिंजरे टांगून गाणारे पक्षी ऐकत बसणाऱ्यांपैकी ते एक. ते एकदा वर आले, काचेला नाक लावून पाहिलं आणि म्हणाले, "नो सिंग, आ? नो सिंग मीन्स वेटिंग टू डाय, लाह."

"टेम्परेचर परफेक्ट," चीफ म्हणाले.

"टेम्परेचर परफेक्ट, बर्ड नॉट परफेक्ट."

चीफनी दार जरा जोरातच लावलं. मी मागे उभी होते, आणि मला एक गोष्ट माहीत होती. त्याच जाड पुस्तकात, त्याच पानाच्या खालच्या बाजूला लिहिलेलं होतं की त्या उंचीवर दिवसा उन्हानं दगड तापतात आणि रात्री गोठतात. हा पक्षी सकाळी तापलेल्या दगडावर येऊन बसतो आणि तिथूनच गातो. मी ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं. मला बसलेली शंका अगदी साधी होती: जिथं काहीच स्थिर नसतं तिथल्या पक्ष्याला आपण स्थिर हवा देतोय. पण समोर वीस वर्षं थंडी सांभाळलेला माणूस आणि त्याची ती वर्तुळं. मी कोण? बंदरांचा इतिहास वाचणारी मुलगी. मी पाच आठवडे गप्प बसले.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी, नाश्त्याच्या वेळी, यंत्र बंद पडलं. चीफ चहा टाकून धावले. यंत्राचा सांगाडा उघडून ते जमिनीवर आडवे झाले, काकू टॉर्च धरून उभ्या, सई शाळेचे मोजे घालता घालता थांबलेली. दारावरचं पेन वर्तुळ सोडून बाहेर निघालं. नऊ, अकरा, तेरा. उत्तरेच्या खिडकीतूनही त्या महिन्यात थोडं तिरकं ऊन यायचं. ते आतल्या जमिनीच्या फरशीवर पडलं होतं. पेन पंधरावर आलं आणि आतून आवाज आला.

आधी घसा साफ केल्यासारखे दोन-तीन खरखरीत सूर. मग उतारावरून पाणी सुटावं तशी लांब, घाईघाईची, वळणं घेत खाली येणारी शीळ. थांबली. पुन्हा वरून सुरू झाली. आम्ही काचेशी गेलो. पक्षी कोपरा सोडून उन्हाच्या तुकड्यात उभा होता, छाती पुढे, चोच वर. एवढासा जीव, आणि फोमच्या भिंती भेदून त्याचा आवाज जिन्यापर्यंत जात होता.

"पप्पा, इट वर्क्स," सई म्हणाली.

चीफ हातात पाना घेऊन उभे होते. चेहऱ्यावर वंगण. "का?" ते स्वतःशीच म्हणाले. "बिघाड झाल्यावर का?"

तेव्हा मी सांगितलं. पुस्तक, पान, तापणारे दगड, गोठणाऱ्या रात्री. सगळं एका दमात. मला वाटलं, ते खूश होतील.

"हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

चीफ माझ्यावर फक्त एकदाच चिडले, ते त्या दिवशी. ओरडले नाहीत. पाना खाली ठेवला आणि प्रत्येक शब्द वेगळा उच्चारत म्हणाले, "माझं चुकलं. मी मूर्ख. मूर्खाला बोटीवर जागा असते, त्याला शिकवता येतं. पण ज्यानं पाहिलं आणि सांगितलं नाही, त्याला पुढच्या बंदरात उतरवतात. माझा मान राखलास होय तू? तो मेला असता तर तुझ्या त्या मानाचं मी काय करणार होतो?"

काकू म्हणाल्या, "अहो, पोर आहे."

"पोर नाही. कॅडेट आहे."

त्या संध्याकाळी त्यांनी भिंतीवरची सगळी वर्तुळं काढली. फाडली नाहीत, उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर नव्या रचनेची आकृती काढायला घेतली.

मग त्या खोलीत दिवस आणि रात्र आले. संध्याकाळी तापमान हळूहळू दोनवर उतरवायचं, पहाट झाली की चढवत पंधरापर्यंत न्यायचं. ग्रॅनाइटचे तुकडे आणून रचले, वर उष्णता देणारा दिवा लावला. पाळ्या ठरल्या: सकाळची चीफची, दुपारची काकूंची, संध्याकाळची माझी. काकू सुरुवातीला बोलत. "माणसं घामानं निथळताहेत आणि यांचा पक्षी महाबळेश्वरला." पण दुपारी मी लवकर घरी आले तर त्या अंगात स्वेटर घालून त्या खोलीत तांदूळ निवडत बसलेल्या असत, आणि पक्षी त्यांच्या पायाशी.

पहिल्या रविवारी नवा चार्ट उतरला. रेघ दिवसा बाहेर गेलेली, रात्री आत आलेली, सात वेळा. कागदावर सात पाकळ्यांचं, जरा वेडंवाकडं फूल उमटलेलं. चीफनी ते बराच वेळ बघितलं. रीफरवरच्या कुठल्याही चीफनं असा चार्ट लपवून ठेवला असता. त्यांनी तो भिंतीच्या मधोमध टाचला आणि लॉगबुकात लिहिलं: "यापुढे कार्गो लिहू नये. पॅसेंजर लिहावे."

पॅसेंजर मार्चपासून जुलैपर्यंत गायचा, मग गप्प व्हायचा, आणि पुन्हा मार्च. त्याला परत नेता येईल का, हे चीफनी विचारलं नाही असं नाही. जुन्या ओळखीच्या कप्तानांना पत्रं टाकली. उत्तरं आली ती थट्टेची, किंवा आलीच नाहीत. बोटी बंदरात लागतात. डोंगराच्या माथ्याला एकही लागत नाही. "हे काही त्याचं घर नाही, मला कळतं," ते एकदा म्हणाले. "ही कॅबिन आहे. उतरायला बंदर मिळत नाही म्हणून पॅसेंजरला पाण्यात ढकलत नाहीत. कॅबिन नीट ठेवायची."

मंडळात तोपर्यंत बातमी पसरली होती. गणपतीत, दिवाळीत लोक विचारायचे, "काय चीफ, फ्रीजमधली चिमणी काय म्हणते?" चीफ विचारणाऱ्याकडे बघत आणि म्हणत, "दोन ते पंधरा. तुमचं किती?"

तिसऱ्या वर्षी यार्डाच्या कामासाठी त्यांना दहा दिवस परदेशी जावं लागलं. निघताना लॉगबुक माझ्या हातात दिलं. "पाळी तुझी. काही झालं तर सांग. कुणालाही सांग, पण सांग."

पाचव्या दिवशी, दुपारच्या आधी, दारावर टकटक झाली. इमारतींची देखभाल बघणाऱ्या कार्यालयातला एक माणूस होता. हातात फाइल, अंगात घामानं चिकटलेला शर्ट. काकू बाजारात गेल्या होत्या. आमच्या खिडकीबाहेर लटकणाऱ्या, यंत्राच्या बाहेरच्या भागाचं पाणी खालच्या मजल्यावर, बांबूवर वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतं अशी तक्रार होती. तक्रार त्या चिनी अंकलनीच केली होती. लपवलंही नव्हतं, मला जिन्यात भेटून म्हणाले होते, "बर्ड आय लाइक. वॉटर आय डोन्ट लाइक." दोन्ही खरंच होतं.

"मिस, हे यंत्र इथं लावायची परवानगी नाही," तो माणूस इंग्रजीत म्हणाला. "आत्ता बंद करा. काढायला नंतर माणसं येतील."

"आत्ता नाही बंद करता येणार," मी म्हटलं.

"कॅनॉट, ऑर डोन्ट वाँट?"

मी विद्यार्थी पासवर राहणारी. शासकीय शिक्का दिसला की माझा हात आपोआप सहीला पुढे व्हायचा. आयुष्यात मी कुणाच्या फाइलला विरोध केला नव्हता. तो हातातलं पेन तयार ठेवून वाट बघत होता, आणि माझ्या मागे दारावर लाल पेन बारावर होतं.

"डोन्ट वाँट," मी म्हटलं. "बंद केलं तर दुपारपर्यंत आत तीस डिग्री होतील आणि तो मरेल. तुम्हाला बंद करायचं असेल तर आधी आत जाऊन त्याला बघा. मग स्वतःच्या हातानं करा. मी करणार नाही."

मी खुंटीवरचा काकूंचा स्वेटर त्याच्यापुढे धरला. त्यानं तो घेतला नाही. तसाच आत गेला. काचेतून मला दिसत होतं: पॅसेंजर दगडावर आला, मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं, एकदा पंख झटकले, आणि मग त्याला विसरून बिया वेचू लागला. गायला नाही. गाण्याचा महिनाच नव्हता. तो माणूस बराच वेळ हातांची घडी घालून उभा राहिला. बाहेर आला तेव्हा दमट हवेनं त्याचा चष्मा पांढरा झाला. तो काढून पुसता पुसता म्हणाला, "फोर्टीन डेज. खिडकीबाहेर काही दिसता कामा नये, खाली थेंब पडता कामा नये. मोअर दॅन दॅट, कॅनॉट." कागदावर तसं लिहून तो गेला.

दार लावलं. मी लॉगबुकात लिहिलं: "१११०. यंत्र बंद करण्याचा हुकूम. पाळला नाही. तापमान १२." चीफ परतल्यावर त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं. माझ्याकडे बघितलंही नाही. पेन्सिल काढून खाली लिहिलं: "यापुढे कॅडेट लिहू नये. फोर्थ इंजिनिअर लिहावे." शिकाऊपण संपलं, तेव्हापासून मी त्या घरात फोर्थ झाले. पुढे मिळालेल्या पीएचडीच्या कागदापेक्षा मला तो कागद जास्त खरा वाटतो.

चौदा दिवस. खिडकीबाहेर काही नको, खाली पाणी नको. चीफनी यंत्राचा बाहेर उष्णता फेकणारा भाग सोडवला आणि पॅसेंजरच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत आणून बसवला. ती त्यांची आणि काकूंची झोपायची खोली. पाणी बादलीत. खालच्या मजल्यावर एक थेंब नाही. तो माणूस चौदाव्या दिवशी आला, खिडकी बघितली, बादली बघितली, त्या खोलीत डोकावून लगेच मागे झाला, आणि सही करून गेला.

त्या खोलीत दारं-खिडक्या उघडी ठेवूनही दिवसरात्र अडतीस-एकोणचाळीस डिग्री असायचे. काकू आमच्या खोलीत आल्या. चीफ तिथंच झोपत राहिले. यंत्राशेजारी माणूस हवा म्हणून. सकाळी बाहेर येत तेव्हा बनियन पिळून घेण्यासारखा असे. यार्डातला दिवसभराचा उकाडा, आणि घरी आल्यावर हा.

काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या, "अहो, एवढं कशासाठी? एका पक्ष्यासाठी?"

ते पाणी पीत होते. ग्लास खाली ठेवून, तो एसी विकणारा मुलगा समोर असल्यासारखं शांतपणे म्हणाले, "उष्णता कुठंतरी जायचीच आहे. पॅसेंजरकडे नाही टाकायची. खालच्या अंकलच्या कपड्यांवर नाही टाकायची. मग उरलं कोण?"

ते वाक्य मी तीन वर्षं ऐकत होते. त्या दिवशी कळलं.

चौथ्या वर्षी, गाण्याचा हंगाम संपल्यावर, एका गुरुवारी सकाळी पॅसेंजर दगडाशेजारी आडवा होता. दुखणं नाही, काही नाही. त्याचं वय आम्हाला कधीच माहीत नव्हतं. चीफनी आधी यंत्रावर तळवा ठेवला, मग त्याच्यावर. "यंत्र ठीक आहे," एवढंच म्हणाले. सई मोठी झाली होती. तिनं स्क्रूड्रायव्हर आणून वडिलांच्या हातात दिला. यंत्र बंद झालं. मी चार्ट काढायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे. आठवडा त्याचा आहे. पुरा होऊ दे."

रविवारी चार्ट उतरवला. चार पाकळ्या, आणि मग रेघ बाहेर बाहेर जाऊन काठाजवळ स्थिरावलेली, उरलेले तीन दिवस एकसारखी, कंपासनं काढल्यासारखी. चीफनी खाली लिहिलं: "पॅसेंजर उतरला. पुढचं तापमान: सिंगापूर."

तो चार्ट त्यांनी मला दिला. ते यंत्र पुन्हा कधी लावलं नाही, माझ्या खोलीत नवा भाडेकरू घेतला नाही, आणि या विषयावर कुणी थट्टा केली तर आकडा सांगणंही सोडलं. लोकांना वाटलं, चीफही आता हसण्यावारी नेतात. तसं नव्हतं. तो चार्ट हाती देऊन सांगायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं, पाळी माझी होती, आणि मी इतकी वर्षं घेतली. शोकसभेतही तिसऱ्या रांगेत बसून राहिले.

तर संपादक महाशय, आता लिहून देते. तो फ्रीज नव्हता. ती खोली होती, दोन ते पंधरा. फ्रीजसारखी काही असलीच तर ती माणसं, जी ती गोष्ट ऐकून हसली. अवलिया हा शब्दही चीफच्या नावापुढून काढा. त्यांनी केलं ते साधं, हिशेबी, अंगावर घेऊन केलेलं काम होतं. यातला मजकूर लांबला म्हणून कापायचा असेल तर सगळाच कापा, अर्धा छापू नका. तो चार्ट सोबत जोडला आहे. तुमच्याकडचा मुलगा कॉम्प्युटरवर चित्रं नीटनेटकी करतो, असं तुम्ही फोनवर म्हणालात. याला हात लावू देऊ नका. तो वाकडाच छापायचा आहे.

— फोर्थ